शनीची कडी आणि मराठवाड्याचे आकाश

डिसेंबर 2032 मध्ये मध्यरात्रीच्या सुमारास शनी नांदेड-लातूरच्या थेट माथ्यावर, जेमतेम चार अंश उत्तरेला असेल. त्याची कडी जवळजवळ पूर्ण उघडलेली असतील आणि आभाळ कोरडे असेल. हे तिन्ही एकत्र यायला सुमारे तीस वर्षे लागतात; मागचा असा योग 2002 च्या डिसेंबरात होता. घरच्या दुर्बिणीतून शनीचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्याला याहून चांगली जागा आणि वेळ मिळणे कठीण.

माथ्यावर असण्याचे एवढे कौतुक का? ग्रह क्षितिजाजवळ असला की त्याचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून येतो. प्रतिमा थरथरते, शिवाय रंग फुटून एका कडेला निळी आणि दुसऱ्या कडेला तांबडी झालर येते. जून 2018 मध्ये शनी आकाशात दक्षिणेला फार खाली होता. लंडनहून तो 16 अंशांच्या वर चढत नव्हता, नांदेडहून मात्र 48 अंशांपर्यंत येई. विषुववृत्ताच्या जवळ राहण्याचा हा फायदा आपल्याकडे फारसा कोणी मोजत नाही.

कडी असलेले ग्रह खरे तर चार आहेत. 10 मार्च 1977 रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून सरकला तेव्हा ताऱ्याचा प्रकाश आधी आणि नंतरही क्षणभर मंदावला. त्यातून युरेनसची कडी सापडली. तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेतही ती घटना टिपली गेली होती. पण अंगणातल्या दुर्बिणीला दिसतात ती शनीचीच. ती 2 लाख 70 हजार किलोमीटरहून अधिक रुंद पसरलेली, तरी जाडी बहुतेक ठिकाणी शंभर मीटरही नाही. म्हणूनच 23 मार्च 2025 रोजी ती पृथ्वीच्या दृष्टीने नेमकी काठावर आली तेव्हा जणू नाहीशीच झाली. शनी तेव्हा सूर्याच्या अगदी जवळ असल्याने तो क्षण काही पाहता आला नाही.

आकाशाचे छायाचित्रण मराठवाड्याला अगदीच परके नाही. हा भाग निजामाच्या राज्यात होता तेव्हा हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने आठ इंची दुर्बिणीने काचेच्या प्लेटांवर ताऱ्यांची छायाचित्रे घेऊन जागतिक तारकासूचीतला आपला वाटा उचलला होता.

आताची पद्धत वेगळी. शनी कड्यांसकट जेमतेम 45 विकला रुंद, म्हणजे चंद्राच्या चाळिसाव्या भागाएवढा. एकच फोटो काढला तर हवेच्या हेलकाव्यात तो पुसट येतो. म्हणून दुर्बिणीला छोटा ग्रह-कॅमेरा लावून चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ घेतात. त्यातल्या हजारो चौकटींपैकी स्थिर क्षणांच्या तेवढ्या ‘ऑटोस्टॅकर्ट’सारखी मोफत प्रणाली निवडते आणि एकावर एक रचते. व्हिडिओ फार लांबवता येत नाही, कारण शनी साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरतो. मे 2021 मध्ये पुण्याच्या प्रथमेश जाजू या सोळा वर्षांच्या मुलाने याच युक्तीने पन्नास हजारांहून अधिक प्रतिमांतून चंद्राचे रंगीत चित्र साकारले. त्याच्याकडे पाच इंची दुर्बीण होती. कड्यांमधली कॅसिनीची काळी फट पाऊण विकलेची आहे. सहा-आठ इंची आरसा असेल तर तीही टिपता येते.

मात्र गच्चीवर दुर्बीण लावणे हा आपल्याकडचा मोठा घोटाळा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता ओकतो आणि वर उठणारी गरम हवा प्रतिमेची वाट लावते. पत्र्याचे शेड तर त्याहून वाईट. त्यापेक्षा गावाबाहेरचा आखाडा बरा. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवावी, म्हणजे आरसा थंड होतो. ग्रह तेजस्वी असल्याने शहरातल्या दिव्यांचा फारसा अडसर नाही; खरी अडचण हलत्या हवेची. गोदाकाठी पहाटे दव पडते, तेव्हा नळीच्या तोंडाला जाड पुठ्ठ्याची गुंडाळी लावलेली बरी.

शनीची प्रतियुती, म्हणजे तो सूर्याच्या नेमका समोरच्या बाजूला येऊन रात्रभर दिसण्याची वेळ, दरवर्षी सुमारे तेरा दिवस पुढे सरकते. 2025 मध्ये ती 21 सप्टेंबरला, ऐन पावसाळ्यात आली. 2026 मध्ये 4 ऑक्टोबरला, आणि पुढे ती थंडीत शिरते. कडीही वर्षागणिक उघडत जातात, म्हणजे हात बसवायला पुरेसा वेळ आहे. ज्या शाळा-महाविद्यालयांच्या कपाटात दुर्बीण पडून आहे, त्यांनी ती दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर काढावी. फक्त आरशावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसू नये, ओरखडे पडतात.