दालचिनी... स्वीट, स्पायसी आणि चिमूटभर!

कॅफेतल्या कापुचिनोच्या फेसावर जी तपकिरी पावडर भुरभुरलेली असते ना, तिला आपण स्टाइलमध्ये ‘सिनॅमन’ म्हणतो. आणि तीच बया आईच्या मसाल्याच्या डब्यात सापडली की ती होते ‘दालचिनी’! मग मसालेभातातून तिला अलगद वेचायचं आणि ताटाच्या कडेला ठेवून द्यायचं. बिच्चारी! खरं तर घरात हिच्याइतकी मल्टिटास्किंग वस्तू दुसरी नसेल. वास हिचा, चव हिची आणि आता तर तब्येतीच्या गप्पांमध्येही हीच हिरॉइन. व्हॉट्सअ‍ॅप उघडा, दर दोन दिवसांनी कुणी ना कुणी ‘रोज सकाळी एक चमचा दालचिनी’चा मेसेज फॉरवर्ड करतंच.

पण थांबा. तो चमचा तोंडात टाकण्याआधी हिची नीट ओळख करून घेऊ या. कारण तुमच्या डब्यात जी आहे ती नक्की दालचिनीच आहे का, इथपासूनच प्रश्न आहे!

एक नाव, दोन बहिणी

दालचिनी म्हणजे झाडाची आतली साल, एवढं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. नाव फारसीतलं ‘दारचिनी’, म्हणजे चिनी लाकूड. पण खरी दालचिनी चीनची नाही, ती श्रीलंकेची. तिचं शास्त्रीय नाव ‘सिनॅमोमम व्हेरम’. या सालीसाठी श्रीलंकेवर आधी पोर्तुगीज, मग डच आणि शेवटी इंग्रज असे तिघेही बसले. २०२२ साली ‘सिलोन सिनॅमन’ला युरोपियन युनियनचा जीआय टॅगही मिळाला.

दुसरी बहीण म्हणजे कॅशिया. ही चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियाकडून येते. आपल्याकडच्या बाजारात ‘दालचिनी’ म्हणून जे मिळतं, ते बहुतेक वेळा हेच. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांमध्ये या दोघींची नोंद वेगवेगळी आहे. कॅशियाला तिथे ‘तज’ म्हटलंय आणि सिनॅमनला ‘दालचिनी’. पण दुकानदाराच्या बरणीवर एवढा तपशील कोण लिहिणार?

मग ओळखायचं कसं? एकदम सोप्पं आहे. कॅशिया जाड, कडक, लालसर तपकिरी. एकच जाड पापुद्रा वळलेला असतो आणि तोडायला गेलं तर बोटं दुखतात. सिलोनवाली फिकट, नाजूक. कागदासारखे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेले, अगदी सिगारसारखे. चिमटीत दाबली तर चुरा होते. कॅशियाचा वास नाकात झणकन शिरतो, सिलोनची गोडसर आणि सौम्य. किमतीतही फरक जाणवतो. सिलोन बरीच महाग.

कॅशिया वाईट का? मुळीच नाही. पुलाव, बिर्याणी, मटणाचा रस्सा यांना तिचाच ठसका हवा. पण चहा, कॉफी, गोडाचे पदार्थ आणि रोजच्या वापरासाठी सिलोन बेस्ट. हा फरक फक्त चवीचा नाही. त्याचं कारण पुढे येतंच आहे.

घरभर दरवळ

दालचिनीच्या वासामागचा मेन माणूस म्हणजे ‘सिनॅमाल्डिहाइड’ हे द्रव्य. सिलोन दालचिनीत त्याच्या जोडीला थोडं ‘युजेनॉल’ही असतं, लवंगेत असतं तेच. म्हणूनच या दोघींची जोडी इतकी जमते.

आता विचार करा. पावसाळ्याचे दिवस, वन बीएचके फ्लॅट, खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेली जीन्स, कपाटात कुबट वास आणि संध्याकाळी मित्रमंडळी टपकणार. रूम फ्रेशनर मारला की वास जात नाही, त्यावर नुसता दुसरा वास चढतो. त्यापेक्षा हे करून बघा. पातेल्यात दोन-तीन ग्लास पाणी, दालचिनीचे दोन तुकडे, चार लवंगा आणि संत्र्याची किंवा मोसंबीची सालं. एकदम मंद गॅस. दहा मिनिटांत हॉलपर्यंत दरवळ! मात्र पातेलं गॅसवर ठेवून सीरियल बघत बसू नका, पाणी आटलं की वासाऐवजी धूर येतो.

कपाटासाठी जुन्या सुती ओढणीच्या तुकड्यात दालचिनी आणि लवंगा बांधून पुरचुंडी करा. कपड्यांच्या घडीत थेट न ठेवता कोपऱ्यात अडकवा. महिन्याभराने वास कमी झाला की तुकडे पुन्हा मोडा, नव्याने फुटलेल्या सालीतून वास पुन्हा जागा होतो.

एक वॉर्निंग. दालचिनीचं तेल बाजारात मिळतं, पण ते थेट अंगाला चोळायची गोष्ट नाही. सिनॅमाल्डिहाइडमुळे त्वचेची आग होऊ शकते, अ‍ॅलर्जीही येऊ शकते. आणि पावडर कोरडी तोंडात टाकायचं डेअरिंग तर नकोच. २०१२च्या सुमाराला इंटरनेटवर असलं एक चॅलेंज फिरत होतं आणि कोरडी पावडर श्वासात जाऊन कित्येक मुलामुलींना डॉक्टर गाठावा लागला होता.

किचनमधली जादू

आपल्या मराठी स्वयंपाकात दालचिनी कायम मागच्या रांगेत. गोड्या मसाल्यात ती आहे, मालवणी मसाल्यात आहे, गरम मसाल्यात तर असणारच. पण गोडात मात्र आपण वेलची-जायफळाच्या पलीकडे जात नाही. आता जरा जाऊन बघा ना!

कॉफी : दूध उकळताना एक इंचाचा तुकडा टाका आणि गाळून घ्या. साखर नेहमीपेक्षा अर्धा चमचा कमी घाला. गोडसर वासामुळे जीभ फसते, प्रॉमिस!

रताळ्याचे काप : तुपावर काप परतून घ्या, वरून किसलेला गूळ आणि चिमूटभर दालचिनी. गूळ वितळून कडेला खरपूस झाला की गॅस बंद. उपासाला दालचिनी चालते की नाही, ते घरातल्या मोठ्यांना विचारून ठरवा. मी त्या वादात पडत नाही!

ऑफिसचा नाश्ता : सफरचंदाच्या फोडी थोड्या तुपात पाच मिनिटं परता, दालचिनी भुरभुरवा आणि ओट्सवर किंवा दलियावर घाला. आठ वाजून बाराची लोकल पकडायची असेल तरी जमतं.

मसालेभात : अख्खी दालचिनी नेहमी फोडणीत, तेल मध्यम गरम असताना टाका. तिचं सुगंधी द्रव्य तेलात छान उतरतं. तेल धुरावलं की ती करपते आणि सगळा भात कडवट होतो.

आणि हो, पावडर गरम पाण्यात ढवळली की ती बुळबुळीत का होते, असा प्रश्न पडला असेल तर टेन्शन नको. भेसळ नाही, तो सालीतला चिकट पदार्थ आहे. म्हणून पेयात अख्खा तुकडा घाला, पावडर भाजलेल्या किंवा परतलेल्या पदार्थांवर वापरा.

हेल्थ का मामला है!

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझी मावशी डोंबिवलीला राहते. वय अठ्ठावन्न, सहा वर्षांपासून डायबिटीस. गेल्या दिवाळीनंतर तिच्या भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकला आणि मावशीने सकाळी एक चमचा, रात्री एक चमचा दालचिनी पावडर सुरू केली. इथपर्यंत ठीक. पण महिन्याभराने तिने हळूच रात्रीची गोळी बंद केली. ‘अगं, नॅचरल आहे ते, त्याने काय होतंय? गोळ्यांनीच किडन्या जातात,’ हे वर मलाच ऐकवलं! पुढच्या टेस्टमध्ये शुगर चांगलीच वर गेलेली. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कुठे गोळीची भानगड बाहेर आली.

मावशीला वेड्यात काढायचं कारण नाही. तिच्या मेसेजमागे थोडं तथ्य आहे. २००३ साली पाकिस्तानात टाइप टू डायबिटीसच्या ६० जणांवर एक अभ्यास झाला होता. त्यांना ४० दिवस रोज १, ३ किंवा ६ ग्रॅम दालचिनी दिली आणि त्यांची उपाशीपोटीची शुगर कमी झालेली दिसली. झालं, जगभर बातम्या! पण पुढे इतर अभ्यासांमध्ये उत्तरं उलटसुलट येत राहिली. २०१२ साली ‘कॉक्रेन’ या नावाजलेल्या संस्थेने १० चाचण्या आणि ५७७ पेशंट्सची माहिती एकत्र करून पाहिली. निष्कर्ष काय, तर डायबिटीसवर दालचिनी वापरा असं सांगण्याइतका पुरावा नाही. बातमी पहिल्या अभ्यासाची झाली, दुसरा आपल्या ग्रुपवर कधी पोचलाच नाही!

आणि इथेच त्या दोन बहिणींचा फरक येतो. कॅशियामध्ये ‘कुमारिन’ नावाचं द्रव्य बरंच असतं. सिलोनमध्ये ते नावापुरतं. कुमारिन जास्त दिवस, जास्त प्रमाणात पोटात गेलं तर काही लोकांच्या लिव्हरला त्रास होऊ शकतो. २००६ साली जर्मनीत ख्रिसमसच्या दालचिनी बिस्किटांवरून यावर मोठी चर्चा झाली होती. तिथल्या सरकारी संस्थेच्या हिशोबाने ६० किलोच्या माणसाने कॅशिया रोज २ ग्रॅमच्या आत ठेवावी. १५ किलोच्या मुलासाठी हाच आकडा अर्धा ग्रॅम. आता गणित करा. एक सपाट टीस्पून म्हणजे साधारण अडीच ग्रॅम. मावशीचे रोजचे दोन चमचे म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त! आणि पावडर कोपऱ्यावरच्या दुकानातली, म्हणजे बहुधा कॅशियाच.

मग आयुर्वेदात दालचिनी नाही का? आहे ना! पण प्रमाण बघा. सर्दी-खोकल्यावरचं प्रसिद्ध सितोपलादि चूर्ण घ्या. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी फक्त १ भाग. एकतीस भागांत एक! आपल्या जुन्या मंडळींनी तिला चमच्याने नाही, चिमटीनेच मोजलंय.

थोडक्यात काय, तर दालचिनीमुळे साखर कमी घातली जाते, जेवणाला चव येते, हा फायदा खराखुरा आहे आणि तो रोज घ्या. पण ती गोळीची जागा घेऊ शकत नाही. लिव्हरचा त्रास असेल, रक्त पातळ करणारी किंवा शुगरची औषधं चालू असतील, दिवस गेले असतील तर रोजचा चमचा सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. मावशीची गोळी पुन्हा सुरू झालीय, शुगर खाली येतेय आणि दालचिनी आता फक्त चहात पडते. भिशी ग्रुपवर तिने स्वतःच हे लिहून टाकलं. वर दोन अंगठे आले म्हणे!

शॉपिंगला जाताय?

* पावडरपेक्षा अख्खी दालचिनी घ्या. २०२३ साली अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंदाच्या प्युरीतल्या दालचिनी पावडरमध्ये शिसं सापडलं होतं. अख्ख्या सालीत असली भेसळ करणं अवघड.
* घरी दळताना तुकडे करून तव्यावर किंचित कोमट करा, गार होऊ द्या, मग मिक्सरच्या छोट्या भांड्यात फिरवा आणि गाळून घ्या.
* एका वेळी महिन्याभराचीच पावडर करा. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, गॅसच्या शेगडीपासून लांब ठेवा.
* वास घ्या. नाकाशी धरूनही काही जाणवत नसेल तर ती साल नुसतं लाकूड झाली समजा.

आणि कोकणात जाणार असाल तर आणखी एक टिप. चांगल्या दालचिनीसाठी श्रीलंकेपर्यंत जायची गरज नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ नावाची दालचिनीची जात काढली आहे. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राची ‘लाखी बाग’ही मशहूर आहे. तिथे नारळाच्या सावलीत दालचिनी, जायफळ, काळी मिरी असं सगळं एकत्र नांदतं. दालचिनीचं झाड जमिनीलगत छाटतात, मग त्याला झुडपासारखे नवे फुटवे येतात. ते अंगठ्याएवढे जाड झाले की कापायचे, वरची खरबरीत साल खरवडायची आणि आतली पातळ साल अख्खी सोडवायची. सगळं काम हाताने. हे एकदा बघितलंत की मसालेभातातला तो तुकडा ताटाच्या कडेला सारताना हात जरा थबकेल.

सो, या वीकेण्डला मसाल्याचा डबा उघडा, दालचिनीचा तुकडा चिमटीत दाबून बघा. चुरा झाला तर चहात, नाही झाला तर पुलावात. आणि दोन्हीकडे, चिमूटभरच बरं का!