दोन नळ्यांचा रेग्युलेटर : ओळख आणि पुनर्वापर

पाणबुड्याच्या पाठीवरील टाकीतली हवा त्याला थेट तोंडात घेता येत नाही. कारण ती वातावरणाच्या दाबाच्या दीडशे ते दोनशे पट दाबाने कोंडलेली असते आणि फुफ्फुसांना मात्र भोवतालच्या पाण्याइतक्याच, दर १० मीटर खोलीमागे आणखी एका वातावरणाने वाढत जाणाऱ्या, दाबाची हवा लागते. टाकीचा दाब उतरवून, श्वास ओढला जाईल तेव्हाच आणि तेवढीच हवा सोडणाऱ्या उपकरणाला रेग्युलेटर म्हणतात. तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा केलेल्यांनी पाहिलेला रेग्युलेटर तोंडाशी येणाऱ्या एका बारीक नळीचा असतो. परंतु १९५० च्या दशकात तो मुख्यतः दोन जाड, घड्यांच्या रबरी नळ्यांचा आणि मानेमागे बसणाऱ्या गोल धातूच्या पेटीचा होता, आणि युरोप-अमेरिकेतील हौशी पाणबुडे असे जुने नग दुरुस्त करून आजही वापरतात.

या रचनेचे मूळ जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये आहे. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी वायूवर चालवाव्या लागत असताना एर लिकीद या कंपनीतील अभियंते एमिल गान्याँ यांनी त्यासाठी एक झडप तयार केली होती, आणि १९४३ मध्ये नौदल अधिकारी जाक-इव्ह कुस्तो यांच्यासमवेत त्यांनी ती पाण्याखालील श्वसनासाठी बदलून घेतली. मार्न नदीतील पहिल्या चाचणीत कुस्तो आडवे पोहत असताना यंत्र नीट चालले. ते उभे राहताच हवा वाया जाऊ लागली आणि डोके खाली करताच श्वास मिळेनासा झाला. उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा आणि हवा आत येण्याची जागा वेगवेगळ्या खोलीवर गेल्यामुळे त्यांच्यावरील पाण्याच्या दाबात फरक पडत होता, हे लक्षात आल्यावर दोन्ही एकाच पेटीत शेजारी बसवण्यात आल्या. म्हणूनच तोंडातला उच्छ्वास परत पाठीपर्यंत नेणारी दुसरी नळी आवश्यक ठरली. ऑस्ट्रेलियातील टेड एल्ड्रेड यांनी १९५२ च्या सुमारास पॉरपॉइज या रेग्युलेटरात दाब उतरवण्याचा दुसरा टप्पाच तोंडाशी आणून ही अडचण अधिक साधेपणाने सोडवली, आणि पुढे जगाने त्यांचाच मार्ग धरला.

जुना नग हाती आल्यावर प्रथम पाहिला जातो तो पेटीवरील नामफलक, परंतु तोच सर्वांत कमी विश्वासाचा पुरावा होय. कारण फलक सहज बदलता येतात, आणि यू. एस. डायव्हर्स या अमेरिकी कंपनीची यंत्रणा व्हॉइटसारख्या दुसऱ्या नावाखालीही विकली जात असे. खरी ओळख पेटी उघडल्यावर पटते. आत पाण्याच्या दाबाने हलणारा एक मोठा रबरी पडदा असतो आणि तो एका तरफेवर दाब देतो. ही तरफ टाकीच्या पूर्ण दाबाची झडप थेट उघडत असेल तर रेग्युलेटर एकटप्पी असून, मिस्ट्रल हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. दाब आधी एका झडपेने उतरवून मग दुसऱ्या झडपेने हवा दिली जात असेल तर तो दुटप्पी होय; डीए अ‍ॅक्वा-मास्टर आणि रॉयल अ‍ॅक्वा-मास्टर हे दोन्ही याच वर्गातले, आणि बाहेरून बरेचसे सारखे दिसणारे. फरक पहिल्या टप्प्यात आहे: डीएमध्ये टाकी रिकामी होत जाईल तसा दोन टप्प्यांमधला दाब किंचित चढतो, तर रॉयलचा पहिला टप्पा संतुलित, म्हणजे टाकीतल्या दाबाचा झडपेवरील परिणाम काढून टाकणारा असल्याने, तो जवळजवळ स्थिर राहतो.

ओळखीचा हा खटाटोप केवळ संग्राहकांच्या समाधानासाठी नाही. पुनर्वापर कितपत शक्य आहे हे त्यावरच ठरते. क्रोमचा मुलामा दिलेले पितळ अर्धशतक सहज टिकते, रबर टिकत नाही. म्हणून पडदा, नळ्या, माउथपीसमधील एकेरी झडपा आणि उच्छ्वास सोडणारी बदकाच्या चोचीसारखी चपटी रबरी झडप हे सर्व, वरून कितीही चांगले दिसले तरी, बदलावेच लागते, आणि त्यासाठी सिलिकोनचे नवे भाग आता मिळतात. हवा आत येते तेथील धातूची गाळणी हिरवी पडली असेल तर खारे पाणी आतपर्यंत गेले होते असे समजावे आणि झडपेची बैठक बारकाईने तपासावी. रॉयलच्या बाबतीत हे काम तुलनेने सोपे आहे, कारण तो बनवणाऱ्या यू. एस. डायव्हर्सच्याच कॉनशेल्फ या पुढच्या काळातील एकनळी रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्याचे काही भाग त्याला चालतात.

दुरुस्त झालेला नग आजच्या साहित्याशी जुळवताना दाबाचा प्रश्न येतो. त्या काळची प्रचलित अमेरिकी पोलादी टाकी २२५० पौंड प्रति चौरस इंच दाबाची होती, तर आजची अ‍ॅल्युमिनियमची टाकी ३००० पौंडांची असते. तेव्हा रेग्युलेटर टाकीवर आवळणारी जुनी पकड आणि झडप कमी दाबाच्या टाकीवर वापरणेच शहाणपणाचे. त्या रेग्युलेटरांना दाबमापकही नसे. श्वास जड होऊ लागला की टाकीवरील दांडा ओढून राखीव हवा मोकळी करायची, अशी पद्धत होती. आता पकड आणि टाकीची झडप यांच्यामध्ये बसणारा जोड लावून दाबमापक जोडता येतो. सोबत्याला हवा देण्याची जादा नळी मात्र दोन टप्प्यांमधल्या मध्यम दाबावर चालते, आणि मिस्ट्रलमध्ये असा मधला दाबच नसल्याने ती त्याला लावता येत नाही. तेथे दोन तोंडांची टाकी-झडप घेऊन दुसऱ्या तोंडावर स्वतंत्र आधुनिक रेग्युलेटर बसवावा लागतो.

श्वासाचा अनुभवही वेगळा असतो. पालथे पोहताना पाठीवरचा पडदा फुफ्फुसांपेक्षा थोडा वर राहतो, त्यामुळे श्वास किंचित ओढून घ्यावा लागतो; उताणे होताच हवा आपोआप वाहू लागते. नळ्यांत पाणी शिरल्यास उच्छ्वासाची डावी नळी खाली येईल असे कलून फुंकर मारायची असते, आणि हे आधी पोहण्याच्या तलावात शिकल्याखेरीज समुद्रात उतरणे धोक्याचे आहे.

१९४० च्या दशकातील पहिल्या पिढीचे फ्रेंच नग मूळ रबरासह तसेच जपावेत, कारण त्यांचे मोल पुराव्याचे आहे. प्रत्यक्ष पाण्यात नेण्यासाठी रॉयल अ‍ॅक्वा-मास्टरच निवडावा, आणि त्याचीही पहिली दुरुस्ती अशा रेग्युलेटरांचे काम जाणणाऱ्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.