निर्विष फूल, पण कुंडीचे काय?

दुकानाचे उद्घाटन असो वा गृहप्रवेश, पुष्पगुच्छाऐवजी ऑर्किडची कुंडी भेट देण्याची प्रथा अलीकडे चांगलीच रुळली आहे. गुच्छ चार दिवसांत कोमेजतो. ऑर्किडची फुले मात्र दोन-तीन महिने दिवाणखान्याची शोभा वाढवतात. घरात कुत्रा असेल, तर एक प्रश्न स्वाभाविकपणे उभा राहतो : त्याने हे झाड चावले, तर?

भेटीदाखल येणारे ऑर्किड बहुधा फॅलेनॉप्सिस प्रकारचे असते. रुंद, जाड पाने आणि पतंगाच्या पंखांसारखी फुले ही त्याची ओळख. प्राण्यांच्या विषबाधेवर मार्गदर्शन करणाऱ्या अमेरिकेतील एएसपीसीए या संस्थेच्या यादीत ते कुत्रा आणि मांजर या दोघांसाठीही निर्विष म्हणून नोंदलेले आहे. पाने-फुले पोटात गेलीच, तर फार तर एखादी उलटी वा जुलाब होतात. ऑर्किडच्या कुळात सुमारे २८ हजार जाती आहेत. तेव्हा हा निर्वाळा सरसकट सर्वांना लागू करू नये. रोपवाटिकेतून जातीचे नाव विचारून घ्यावे.

खरा धोका फुलात नसून, माणूस कुंडीत जे घालतो त्यात असतो. बागेसाठी सर्रास वापरली जाणारी एरंडीची पेंड हे त्याचे ठळक उदाहरण. एरंडीच्या बियांतील रायसिन हे जहाल विष तेल काढल्यावर पेंडीत उरते. पेंडीचा वास कुत्र्याला आकर्षित करतो आणि लक्षणे कधीकधी काही तासांनी, तर कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. हाडांच्या चुऱ्याकडेही कुत्रा असाच ओढला जातो. जैन घरात तो येऊ नये, याचे कारण वेगळे सांगायला नको. काही मिश्रखतांत तो असतो, म्हणून पिशवीवरील घटकांची यादी वाचावी. गोगलगायींसाठीच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या तर प्राणघातक ठरू शकतात.

सुदैवाने ऑर्किडला यांपैकी कशाचीच गरज नसते. नारळाची सोडणे, कोळसा आणि विटांचे तुकडे यांत ते वाढते. पाण्यात अगदी विरळ केलेले खत त्याला पुरते. मात्र बशीत साचलेले ते पाणी लगेच ओतून टाकावे. फुलांच्या दांड्याला आधार देणारी तार आणि चिमटेही कुत्र्याच्या तोंडी लागणार नाहीत, अशा उंचीवर कुंडी ठेवावी.

शेजारच्या कुंड्यांकडेही लक्ष हवे. सायकस कुत्र्याचे यकृत निकामी करू शकते; कण्हेर हृदयावर घाला घालते; मनी प्लांट आणि डिफेनबाकिया यांच्या पानांनी तोंडाची आग होऊन लाळ गळते. अशा झाडांच्या सोबतीला एकटे ऑर्किड निर्विष असून काय उपयोग?

शंका आलीच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. त्यानेच अपाय होतो. चावलेले पान किंवा खताची पिशवी बरोबर घेऊन तत्काळ पशुवैद्यांकडे जावे. काय खाल्ले, किती आणि केव्हा, या तीन प्रश्नांची उत्तरे तयार असली, की उपचाराला वेळ लागत नाही. मुक्या जिवाला ती देता येत नाहीत. ती जबाबदारी घरातल्या माणसांचीच.