सतराचं मॉडेल

गंगाखेडच्या ऊसपट्ट्यात जुना दहा टायर ट्रक घेणारा पहिला प्रश्न करतो, "कितीचं मॉडेल?" गेल्या पंधरा वर्षांकडे मागे वळून पाहिलं, तर मोजकीच सालं खरी महत्त्वाची वाटतात.

२०१० साली देशभर बीएस-३ हे प्रदूषणाचं मानक आलं. त्या पिढीच्या बहुतेक गाड्यांचा डिझेल पंप यांत्रिक. वाटेत गाडी रुसली, तर जाणता मिस्त्री रस्त्याच्या कडेलाच तिला चालू करायचा. म्हणून ही मॉडेलं आजही शोधली जातात. मात्र पंधरा वर्षं उलटलेल्या जड वाहनाच्या फिटनेसची फी एप्रिल २०२२ मध्ये १२,५०० रुपयांवर गेली, तेव्हा दहाच्या मॉडेलचा हिशेब आता नव्याने मांडायला हवा.

खरा घोळ सतराच्या मॉडेलात आहे. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्री थांबवली. शिल्लक माल खपवायला सवलतींचा पाऊस पडला. ३१ मार्चपर्यंत विकल्याचा पुरावा असेल, तर नोंदणी नंतरही होत होती. म्हणजे एकाच सालच्या एमएच-२२ पासिंगच्या दोन गाड्यांत एक सोळात बनलेली बीएस-३, तर दुसरी बीएस-४ असू शकते. बीएस-४ साठी टाटाने मोठ्या गाड्यांना युरियाची टाकी दिली, अशोक लेलँडने वेगळी वाट धरली. दोन्हींची दुरुस्ती निराळी. आरसीवर पासिंगची तारीख न बघता उत्पादनाचा महिना बघावा, हे मी आग्रहाने सांगेन.

पुढचं महत्त्वाचं साल अठरा: जुलै २०१८ मध्ये तीन एक्सलच्या, म्हणजे दहा टायरच्या गाडीचं परवानगी असलेलं एकूण वजन २५ वरून २८.५ टन झालं.

२०२० च्या बीएस-६ गाडीत धुराची काजळी अडवणारा फिल्टर आला. तो साफ व्हायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, लांब पल्ला लागतो. कारखान्याच्या यार्डात तासन्‌तास इंजिन चालू ठेवून सरकणाऱ्या गाडीत तो तुंबतो. नवं साल म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं.

आणि ऊस वाहिलेली गाडी असेल, तर मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ चेसीस खाली वाकून बघाच. काळ्या रानातून भरून निघालेल्या गाडीला तडा तिथेच जातो. वेल्डिंगवर नवा रंग दिसला, तर साल कोणतंही असो, मी तो सौदा करणार नाही. परळीच्या औष्णिक केंद्राची राख वाहिलेल्या गाडीत एअर फिल्टरची पेटी उघडायला सांगावं, आतली धूळ बघून मगच किमतीचं बोलावं.