गोचिडाचा ताप आणि वनौषधी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लाइम रोग हा बोरेलिया बर्गडॉर्फेरी या मळसूत्री आकाराच्या जिवाणूमुळे होणारा आजार असून, इक्सोडिस या प्रजातीतील गोचीड चावल्याने तो माणसाच्या शरीरात शिरतो. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील लाइम या गावाच्या परिसरात १९७५च्या सुमारास मुलांमध्ये सांधेदुखीचे रुग्ण अनपेक्षितपणे वाढल्याने या आजाराकडे वैद्यकाचे लक्ष वेधले गेले, आणि १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी त्याचा जिवाणू ओळखला. त्यावरील उपचार प्रतिजैविकांचा, म्हणजे जिवाणूंना मारणाऱ्या किंवा त्यांची वाढ थांबवणाऱ्या औषधांचा आहे. तरीही या आजाराभोवती वनौषधींच्या गोळ्या, अर्क आणि काढे यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली असून तिच्यासोबत अनेक समजुतीही सर्वदूर पोचल्या आहेत.

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पच्या संदर्भात यातील पहिली समजूत भूगोलाशी निगडित आहे. कुत्र्याच्या कानामागे किंवा गायीच्या कासेजवळ चिकटलेला गोचीड लाइम रोग देतो, असे सहज मानले जाते. वस्तुतः कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड आणि गुरांवरचे नेहमीचे गोचीड या जिवाणूचे वाहक नाहीत. भारतात या संसर्गाच्या खुणा हिमालयाच्या पट्ट्यात, ईशान्येकडे, कर्नाटकातील नागरहोळे व बंदीपूरच्या जंगलभागात आणि केरळच्या वायनाडमध्ये आढळल्या आहेत. त्यामुळे देवळालीतील रुग्णाच्या बाबतीत लाइम रोगाची शंका घ्यावयाची असेल, तर त्याने अलीकडे कोठे प्रवास केला हे आधी विचारावे लागते. कनेटिकट, न्यू जर्सी किंवा मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या मुलांकडे उन्हाळ्यात जाऊन आलेले आईवडील हे अशा रुग्णाचे सर्वांत संभाव्य उदाहरण ठरते, कारण गोचीड चावल्यानंतर तीन ते तीस दिवसांनी लक्षणे दिसू लागतात आणि तोवर परतीचा प्रवास झालेला असू शकतो. अशा प्रवासाशिवाय केवळ रक्तचाचणी सकारात्मक आली म्हणून रोग आहेच असे ठरत नाही. जेथे आजार दुर्मीळ असतो तेथे सकारात्मक अहवालांपैकी बरेच खोटे निघतात, आणि खोट्या निदानावर वर्षानुवर्षे घेतलेली वनौषधी कोणत्याच रोगावर घेतलेली नसते.

महाराष्ट्रात अधिक धास्ती बाळगावी असा आजार निराळा आहे. स्क्रब टायफस हा ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी या जिवाणूचा ताप झुडपी गवतात राहणाऱ्या माइट या सूक्ष्म कीटकसदृश जीवाच्या अळीमुळे होतो, पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत तो वाढतो, आणि २०१८ मध्ये विदर्भात त्याने अनेकांना गाठले व काहींचा बळीही घेतला. सिंधुदुर्गात २०१६ पासून आढळणारा क्यासनूर जंगलताप मात्र विषाणूजन्य असून तो गोचिडामुळे पसरतो. त्यावर प्रतिजैविक चालत नाही. हे तिन्ही आजार लोकांच्या बोलण्यात ‘किड्याचा ताप’ म्हणून एकाच गाठोड्यात बांधले जातात, आणि एकावर ऐकलेला उपाय दुसऱ्यावर वापरला जातो. स्क्रब टायफसमध्ये चाव्याच्या जागी काळी खपली दिसू शकते, परंतु ती काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली लपलेली असल्याने रुग्णाला स्वतःला ती क्वचितच सापडते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार अशा तापात डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता सुरू करावयाचे असते. म्हणूनच ‘आधी चार दिवस काढा घेऊन पाहू, नाही उतरला तर डॉक्टर’ हा घरोघरचा क्रम येथे घातक ठरतो. वेळेत औषध मिळालेल्या रुग्णाचा ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो, तर उशीर झाल्यास फुफ्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदू यांवर परिणाम झालेला आढळतो.

लाइम रोगाबाबत वनौषधींच्या बाजूने मांडला जाणारा सर्वांत भारदस्त पुरावा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांच्या अभ्यासाचा आहे. त्यात क्रिप्टोलेपिस, जपानी नॉटवीड, काळा अक्रोड इत्यादी वनस्पतींच्या अर्कांनी बोरेलियाच्या न वाढणाऱ्या, चिवट अवस्थेवर चांगला परिणाम दाखवला, आणि तो काही प्रतिजैविकांपेक्षाही सरस होता. हा निष्कर्ष खरा असला तरी तो परीक्षानळीतला आहे. काचेतील जिवाणू एका टक्क्याच्या अर्कात बुडवता येतात, पण तीच मात्रा माणसाच्या रक्तात व सांध्यात पोचते की आतड्यात आणि यकृतातच संपते, हे त्या प्रयोगाने सांगितलेले नाही. विशेष म्हणजे, त्याच अभ्यासात भारतीय घरांत परिचित असलेली अश्वगंधा आणि हिरवे किराईत यांचा परिणाम फारसा दिसला नाही; बाटलीवर या नावांसोबत ‘लाइम’ हा शब्द छापणाऱ्यांनी ही बाब सोयीस्करपणे गाळलेली असते.

‘वनस्पती आहे, म्हणजे अपाय नाही’ ही समजूत नाशिक परिसरात, जेथे आयुर्वेदाचे अध्ययन व अध्यापन दीर्घकाळ चालत आले आहे, विशेष गांभीर्याने तपासली पाहिजे, कारण ती आयुर्वेदाचीही भूमिका नव्हे. त्या शास्त्रात मात्रा, प्रकृती आणि अनुपान, म्हणजे औषध कशासोबत घ्यावे याचा विचार, औषधाइतकाच महत्त्वाचा मानला जातो. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल सरसकट घेतली गेली, आणि २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताचा दाह झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेत वनस्पतीची ओळखच चुकली असण्याची शक्यता मांडली. पुढे २०२२ मध्ये देशातील तेरा केंद्रांच्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात अनेक रुग्णांत शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्यासारखा दाह आढळला. वाद कसाही मिटो, तापाने आधीच ताणलेल्या यकृतावर आणखी एक अज्ञात मात्रा लादणे शहाणपणाचे नाही.

याउलट, वनस्पतींत काही दम नसतो हा समजही तितकाच चुकीचा आहे. आर्टेमिसिया या वनस्पतीतून वेगळा काढलेला आर्टेमिसिनिन हा घटक हिवतापावर इतका प्रभावी ठरला की त्यासाठी तू यूयू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्याच वनस्पतीचा चहा हिवतापावर वापरू नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण पानागणिक घटकाचे प्रमाण बदलते आणि अपुऱ्या मात्रेमुळे परजीवीला औषध पचवायला शिकण्याची संधी मिळते. येथे औषध आणि वनस्पती यांत विरोध नसून मोजलेली आणि न मोजलेली मात्रा यांत आहे. डॉक्सिसायक्लिन तरी कोठून आले? मातीतील स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू बनवतात त्या टेट्रासायक्लिनच्या रचनेत रसायनशास्त्रज्ञांनी केलेल्या बदलातून. ‘रासायनिक’ आणि ‘नैसर्गिक’ असा भेद येथे फारसा टिकत नाही.

लाइम रोगावरील उपचार पूर्ण होऊनही काही रुग्णांना थकवा, अंगदुखी आणि विस्मरण महिनोन्महिने सतावते, आणि त्यांपैकी अनेक जण वनौषधींकडे वळतात. त्यांचा त्रास काल्पनिक नाही. त्यांना प्रतिजैविकांचा लांबलचक दुसरा मारा देऊनही लाभ होत नाही, असे २०१६ मध्ये नेदरलँड्समधील चाचणीने दाखवले; मात्र एक उपाय फसला म्हणून दुसरा सिद्ध होत नाही, आणि वनौषधींनी ही उणीव भरून काढल्याचे दाखवणारी मोठी, काटेकोर मानवी चाचणी पुढे आलेली नाही.

जो रुग्ण वैद्याच्या सल्ल्याने काही घेतच असेल, त्याने ते डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे, कारण लोहभस्म, मंडूर, प्रवाळपिष्टी आणि कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्सिसायक्लिनला आतड्यातच बांधून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसे पोचत नाही. शिवाय डॉक्सिसायक्लिनने उन्हाची संवेदनशीलता वाढते, आणि सेंट जॉन्स वर्ट या वनौषधीनेही ती वाढते. गोचीड काढताना रॉकेल, तंबाखू किंवा पेटती काडी लावण्याचा प्रकारही सोडला पाहिजे, कारण त्याने गोचीड अधिक लाळ आत सोडण्याचा धोका असतो. बारीक टोकाच्या चिमट्याने त्याला त्वचेलगत पकडून सरळ वर ओढावे आणि जागा साबणाने धुवावी. लाइमचा जिवाणू शरीरात जायला गोचीड बहुधा चोवीस तासांहून अधिक चिकटलेला असावा लागतो.