तीन टोकांच्या गळातून मासा सोडवताना



पावसाळा सरला की धरणाच्या काठाला, पाझर तलावावर आणि शेततळ्यावर गळ टाकणारी मंडळी दिसू लागतात. पूर्वी एक साधा गळ आणि त्याला गांडूळ किंवा कणकेचा गोळा, एवढ्यावर काम भागायचे. आता तालुक्याच्या दुकानात प्लॅस्टिकचा नकली मासा मिळतो. त्याच्या पोटाखाली एक आणि शेपटीपाशी एक असे तीन-तीन टोकांचे दोन गळ लोंबत असतात. मासा लागतो झकास, पण तो सोडवताना माशापेक्षा माणसाचीच फजिती अधिक होते. कार्यक्रमात या विषयावर बोलणे झाले, तेच येथे जरा विस्ताराने देत आहे.

धोका नेमका कुठे आहे, ते आधी पाहू. दोन गळांची मिळून टोके सहा. माशाच्या तोंडात त्यातले एखादे किंवा दोन रुतलेले असते. बाकीची चार-पाच मोकळी असतात आणि आपला हात तिथेच जातो. तेवढ्यात मासा मान झटकतो. दीड-दोन किलोच्या मरळीचा झटका बसला की मोकळे टोक बोटात शिरलेच म्हणून समजा. शिरलेले टोक उलट्या काट्यामुळे मागे येत नाही, आणि दुसऱ्या बाजूला मासा तडफडतच असतो. म्हणजे प्रत्येक झटक्यागणिक जखम खोल होते.

म्हणून खरी खबरदारी घरूनच घ्यायची आहे. गळाच्या टोकामागचा तो उलटा काटा पक्कडीने दाबून चपटा करून टाका. एवढे केले तरी अर्धे काम झाले. "मग मासा सुटून जाईल की हो!" असे पुष्कळजण म्हणतात. तंगूस ताणलेली ठेवली तर सहसा सुटत नाही. एखादा सुटलाच तर सुटू द्या, बोटापेक्षा मासा महाग नाही. शक्य असेल तर तीन टोकांचा गळ काढून त्या जागी एका टोकाचा बसवा. नकली मासा पाण्यात थोडा वेगळा पोहेल, पण चालतो.

सोबत दोन पक्कडी हव्यात. एक लांब चोचीची, दुसरी जाड तार तुटेल अशी. लांब दांडीचे हातजाळे असले तर फार चांगले. मासा ठेवायला गोणपाट वापरू नका, ते खरखरीत असते. खताच्या पोत्याच्या आतले प्लॅस्टिक स्वच्छ धुऊन ओले करून अंथरले की झाले.

आता मासा काठाला आला. तंगूस धरून त्याला वर उचलू नका. गळ निसटला तर नकली मासा गोफणीच्या दगडासारखा तोंडावर येतो. जाळ्यात घ्या आणि जाळे पाण्यातच राहू द्या. मासा दमून स्थिर होईपर्यंत थांबा. हात ओले करा, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे कातडीच्या रोगांपासूनचे संरक्षण असते आणि कोरड्या हाताला तो निघून येतो. एका हाताने डोक्यामागे घट्ट धरा, पण कल्ल्यात बोटे घालू नका. कल्ल्याची झालर नाजूक असते, फाटली की रक्तस्राव होतो आणि मासा वाचत नाही.

गळाला बोट लावायचे नाही, पक्कडच लावायची. गळाची दांडी जिथे वाकते तिथे पकडा आणि टोक ज्या वाटेने आत गेले त्याच वाटेने उलटे फिरवून बाहेर काढा. सरळ ओढलेत तर मांस फाटते. दोन टोके रुतली असतील तर बाहेरचे आधी, आतले नंतर. दुसरा गळ जाळ्यात अडकला असेल तर तो सोडवत बसू नका, आधी मासा मोकळा करा. आणि टोक हाडात बसले असेल, हलतच नसेल, तर कापायच्या पक्कडीने दांडी तोडून तुकडे वेगळे काढा. गळ काही फार महागाचा नाही, हे अशा वेळी आठवावे. घशात खोल गेलेला गळ खेचू नये. तंगूस तोंडाजवळ कापून मासा सोडला तर तो जगण्याची शक्यता खेचण्यापेक्षा जास्त असते.

प्रत्येक माशाची तऱ्हा निराळी. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांत करवतीसारखे काटे असतात. ते बोटांच्या मधून येतील अशा बेताने धरावे. काटा लागलाच तर जखम धुऊन हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास तरी बुडवून ठेवावा, ठणका कमी होतो. मरळीला तीक्ष्ण दात असतात. म्हसीरच्या जबड्यात दात नसतात म्हणून कोणी बिनधास्त बोट घालतो, पण त्याचे दात घशात असतात आणि ते जबर चावतात.

मरळीविषयी आणखी थोडे सांगायला हवे. पावसाळ्यात तळ्याच्या पृष्ठभागावर तांबूस पिलांचा थवा खळबळताना दिसतो. त्याखाली नर-मादी राखण करत असतात. त्या वेळी मरळ भुकेमुळे नव्हे, तर पिलांच्या रागाने नकली माशावर झडप घालते. ती उचलून घरी नेली की राखणदार गेला, आणि दुसरे मासे, बेडूक, पाणसाप तो थवा चटकन फस्त करतात. एका मरळीच्या रश्श्यापायी पुढच्या वर्षीचे पीक गेले, असेच हे झाले. थव्याजवळ गळ टाकूच नये. चुकून लागली तर तिथल्या तिथे सोडावी.

म्हसीरचेही तसेच. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून म्हसीरचे बीज तयार करून जलाशयांत सोडले जाते, ते हा मासा नद्यांतून कमी होत गेला म्हणूनच. तो मिळाला तर परत पाण्यात जाऊ द्या.

सोडायचा मासा पाण्याबाहेर किती वेळ ठेवावा? आपण श्वास रोखून धरावा. आपल्याला सोसवेनासे झाले की माशालाही सोसत नाही. फोटो काढायचा तर पोटाखाली दोन्ही हातांचा आधार देऊन आडवा धरा. मोठा मासा जबड्याला धरून उभा लोंबकळवला की मणक्याला इजा होते. सोडताना फेकू नका. तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात सरळ धरा, तो आपणहून शेपटी मारून जाईल. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, तेव्हा जास्त वेळ धरावे लागते.

एवढे करूनही गळ हाताला लागला तर? एका तलावावर शाळकरी पोराच्या अंगठ्यात एक टोक आणि दुसऱ्या टोकाला दोन किलोची मरळ, असा प्रकार पाहिला आहे. पोरगा हात झटकत होता, भोवतीची माणसे "ओढ, ओढ" म्हणत होती. एका म्हाताऱ्या कोळीबाबांनी मरळीचे डोके ओल्या पंचाने दाबून धरले, तंगूस कापली आणि पक्कडीने गळाची दांडी तोडून मासा हातापासून वेगळा केला. हाच क्रम बरोबर आहे. आधी मासा वेगळा, मग राहिलेली मोकळी टोके कापा किंवा चिकटपट्टीने झाका, आणि गळ तसाच ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तिथे जागा बधिर करून गळ काढतात. धनुर्वाताची सुई घ्यायला विसरू नका. डोळ्याला लागला असेल तर हातसुद्धा लावू नका. वरून कागदी पेला उपडा ठेवून, न दाबता, थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

जलाशयाचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा गळ टाकण्याआधी परवानगी विचारून घ्या. तुटलेले गळ आणि तंगुसाची गुंतवळ काठावर टाकू नका. तिथेच म्हशी पाण्याला येतात, आणि गवताबरोबर गेलेला गळ जिभेत किंवा घशात रुतला की जनावर चारा सोडते. एक झाकणाचा डबा जवळ ठेवा, तुकडे त्यात टाका, आणि डबा घरी परत आणा.