लाल कुपी, हिरवी कुपी आणि सोलापूरचा मे

मॉलमध्ये, मोठ्या दवाखान्यात नाही तर एसी हॉलमध्ये जरा मान वर करून बघा. छतातून डोकावणाऱ्या स्प्रिंकलरच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी लाल काचेची कुपी दिसेल. आत द्रव आणि हवेचा एक बुडबुडा. खाली आग लागली की द्रव फुगतो, बुडबुडा संपतो, काच फटकन फुटते आणि अडलेलं पाणी दातेरी चकतीवर आपटून चौफेर उडतं. कुपी फुटायला ना वीज लागते, ना माणूस.

कुपीचा रंग म्हणजे तिचा पारा. नारिंगी ५७ अंश सेल्सिअसला फुटते, लाल ६८, पिवळी ७९, हिरवी ९३. आता इथं सोलापूरचं ऊन आडवं येतं! छताजवळच्या एरवीच्या तापमानापेक्षा कुपी साधारण ३० अंशांनी वरची घ्यावी, असा या कामातला ठोकताळा आहे. ६८ वजा ३०, उरले ३८. सोलापूरकर ३८ला ऊन म्हणतच नाही. मेमध्ये पत्र्याखाली काय होतं ते तर विचारूच नका. म्हणून एसी हॉलला लाल चालते. पत्र्याच्या शेडला पिवळी किंवा हिरवी लागते.

सिनेमात हिरो लायटर पेटवतो आणि अख्ख्या मजल्यावर पाऊस पडतो. निव्वळ थाप. धुरानं कुपी फुटत नाही आणि ज्या कुपीला आच लागते तेवढीच फुटते. नेहमीच्या मापाचा एक स्प्रिंकलर एक बार दाबाला मिनिटाला ८० लिटर पाणी सोडतो. पहिली धार मात्र काळी आणि कुबट: पाइपात मुरलेलं पाणी ते.

नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हे पाणी आणायचं कुठून? त्याचा साठा राखीवच. टाकी एकच असली तर वापराचा पाइप वरच्या अंगाला काढतात, तळचं पाणी आगीसाठी. आंघोळी खोळंबल्या तरी चालतील.

खरं तर ही विद्या गिरण्यांतलीच. परदेशी कापडगिरण्यांत आधी छताला भोकं पाडलेले पाइप असत आणि कॉक हातानं उघडावा लागे. अमेरिकेतल्या हेन्री पार्मलीनं १८७४ मध्ये आपल्या पियानोच्या कारखान्यासाठी आपोआप उघडणारा स्प्रिंकलर केला, १८८१ मध्ये फ्रेडरिक ग्रिनेलनं तो सुधारला. या दोघांच्या मधे, १८७७ मध्ये, सोलापुरात ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झाली. सूत किती भराभर पेटतं हे या शहराला सांगायला नको. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले.

स्प्रिंकलरचा पक्का वैरी कोण? रंगारी! छतासोबत त्यालाही ब्रश फिरवला की संपलं. रंग पुसून भागत नाही, नवाच बसवावा लागतो. दुसरा वैरी डेकोरेटर, त्याला माळा बांधायला हीच जागा सापडते. तिसरी टॉवेलची थप्पी. स्प्रिंकलरखाली निदान दीड फूट मोकळं हवं, नाही तर पाणी पसरणार कसं?

राज्याच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्यानं ही यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे ‘फॉर्म बी’, वर्षातून दोनदा द्यावा लागतो: जानेवारीत आणि जुलैत. जानेवारीत गड्डा यात्रा, जुलैत बहुधा आषाढी. विसरलो म्हणायची सोयच नाही.